लहान श्रवणकक्षासाठी लघु आकाराच्या सबवूफरची निवड : नेवासा परिसरातील घरांच्या संदर्भात एक ध्वनिशास्त्रीय विवेचन

सारांश :

घरगुती संगीतश्रवणासाठी सबवूफर घेताना बहुसंख्य ग्राहक स्पीकरचा व्यास व वॉटचा आकडा एवढ्याच दोन गोष्टींचा विचार करतात. प्रत्यक्षात खर्जातील ध्वनीची गुणवत्ता ही उपकरणाइतकीच, किंबहुना काही वेळा त्याहून अधिक, खोलीच्या मापांवर अवलंबून असते. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत कोणत्या वारंवारिता फुगतात व कोणत्या लोप पावतात, लघु आकाराच्या पेटीला कोणती किंमत मोजावी लागते, पखवाज-तबल्याच्या श्रवणासाठी किती खोल खर्जाची गरज असते आणि शेजाऱ्यांच्या शांततेचा प्रश्न कसा हाताळावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. लहान खोलीसाठी लहान, बंद पेटीचा व योग्य जागी ठेवलेला सबवूफर ही तडजोड नसून बहुधा तीच योग्य निवड ठरते, असा निष्कर्ष या विवेचनातून निघतो.

बीजसंज्ञा : सबवूफर, खर्ज, वारंवारिता, कक्ष-अनुनाद, बंद पेटी, क्रॉसओव्हर, डग्गा, पखवाज.

प्रस्तावना :

प्रवरा नदीच्या काठी वसलेले नेवासे हे महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासात श्रवणाचे क्षेत्र म्हणून ओळखले जाते. शके १२१२ म्हणजेच इ.स. १२९० मध्ये संत ज्ञानेश्वरांनी गीतेवरील भाष्य येथे सांगितले, श्रोत्यांनी ते ऐकले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले, अशी परंपरा आहे. सांगणारा, ऐकणारा व नोंदवणारा अशी ही त्रयी होय. पुढे वारकरी कीर्तनपरंपरेने याच श्रवणाला टाळ, वीणा व पखवाज यांची जोड दिली. आज अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावीही कीर्तन, अभंग व शास्त्रीय संगीत यांचे श्रवण मोठ्या प्रमाणावर ध्वनिमुद्रणांच्या आधारे होते. मंदिराच्या सभामंडपात जो पखवाज छातीत घुमतो, तोच घरातील छोट्या स्पीकरमधून मात्र पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

ही उणीव भरून काढण्यासाठी सबवूफर हे उपकरण घेतले जाते. परंतु घरी आणल्यानंतर अनेकदा वेगळीच तक्रार उद्भवते. सगळीच गाणी एकसुरी घुमू लागतात, भांड्यांची मांडणी थरथरते, शेजारी नाराज होतात आणि काही महिन्यांत ते उपकरण कोपऱ्यात धूळ खात पडते. दोष उपकरणाचा असतो असे नाही. बऱ्याचदा उपकरण व खोली यांचा मेळ बसलेला नसतो. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने ही खरेदी किरकोळ नाही. त्यामुळे तिच्यामागील शास्त्र समजून घेणे आवश्यक ठरते.

उद्दिष्टे :

१. लहान खोलीत खर्जातील ध्वनीचे वर्तन कसे असते ते स्पष्ट करणे.
२. पेटीचा आकार, खर्जाची खोली व कार्यक्षमता यांतील परस्परसंबंध विशद करणे.
३. भारतीय संगीताच्या श्रवणासाठी आवश्यक असलेल्या वारंवारितांचा विचार करणे.
४. सबवूफरची निवड, मांडणी व जुळणी यांसाठी व्यवहार्य निकष सुचवणे.

अभ्यासपद्धती व मर्यादा :

प्रस्तुत लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा आहे. ध्वनिशास्त्रातील प्रस्थापित सूत्रांच्या आधारे येथे गणिते मांडली असून ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर गृहीत धरला आहे. उन्हाळ्यात तापमान ४० अंशांवर गेले असता हा वेग सुमारे ३५५ मीटर होतो. तथापि त्यामुळे पुढील आकड्यांत सुमारे तीन टक्क्यांचाच फरक पडतो. विशिष्ट कंपन्यांच्या उत्पादनांची तुलना हा या लेखाचा विषय नाही, कारण उत्पादने बदलत राहतात, तत्त्वे मात्र टिकून राहतात.

विषय विवेचन :

१. खर्ज म्हणजे किती खोल?

मानवी कानास साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्झ वारंवारितेचे ध्वनी ऐकू येतात. यांपैकी सुमारे २० ते १०० हर्ट्झचा पट्टा हा सबवूफरचे कार्यक्षेत्र होय. परंतु या संपूर्ण पट्ट्याची गरज प्रत्येक श्रोत्याला असतेच असे नाही. पियानोची सर्वांत खालची पट्टी २७.५ हर्ट्झची असते, तर पाश्चात्त्य वाद्यवृंदातील डबल बासची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास असते. चित्रपटांच्या ५.१ ध्वनिपद्धतीत खर्जासाठी स्वतंत्र मार्गिका असते आणि स्फोट, भूकंप इत्यादी परिणामांसाठी ती २० हर्ट्झपर्यंतही खाली उतरू शकते.

भारतीय संगीताचे चित्र याहून वेगळे आहे. काळी एक हा षड्ज धरून गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो. त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्या, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झवर लागते. तबल्याचा डग्गा, पखवाजाची कणीक लावलेली डावी पुडी आणि ढोलकीचा धुम यांचा मूळ नादही प्रामुख्याने १०० हर्ट्झच्या खालीवर घोटाळतो. म्हणजेच अभंग, ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत, लावणी यांच्या रसिकाला २० हर्ट्झपर्यंत पोहोचणाऱ्या अजस्र उपकरणाची आवश्यकता नसते. ४० हर्ट्झपर्यंत स्वच्छ व नियंत्रित ध्वनी देणारा सबवूफर त्याच्यासाठी पुरेसा ठरतो. ही एक गोष्ट लक्षात घेतली तरी निवडीचा बराचसा गोंधळ दूर होतो.

येथे आणखी एका तथ्याची नोंद घेणे उचित ठरेल. मूळ नाद ऐकू आला नाही तरी त्याचे अधिस्वर ऐकून मेंदू त्या नादाची उंची ओळखतो. म्हणूनच लहानशा रेडिओवरही तंबोरा बेसूर वाटत नाही. तंबोऱ्याच्या बाबतीत तर जवारीमुळे अधिस्वरांचेच प्राबल्य असते. सारांश, सबवूफरमुळे सूर नव्याने कळत नाही. सुराला व ठेक्याला वजन प्राप्त होते. या मर्यादेपलीकडची अपेक्षा ठेवल्यास निराशा पदरी पडते.

२. ध्वनिमुद्रणाची मर्यादा :

जे मुद्रणातच नाही ते सबवूफर निर्माण करू शकत नाही. इ.स. १९२५ च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वी कर्ण्यासमोर गाऊन यांत्रिक पद्धतीने मुद्रण होत असे आणि त्यात खर्जाचा भाग जवळपास उमटतच नसे. त्या काळातील गायक-गायिकांच्या तबकड्या ऐकताना सबवूफर लावला तर संगीतात काही भर पडत नाही; उलट तबकडीची घरघर व विद्युत गुणगुण मात्र वाढते. अशा श्रवणप्रसंगी सबवूफर बंद ठेवणे हेच शहाणपणाचे ठरते. याउलट १९७० नंतरच्या ध्वनिमुद्रिका, पं. भीमसेन जोशी यांच्या ‘संतवाणी’सारख्या कार्यक्रमांची मुद्रणे व अलीकडील डिजिटल मुद्रणे यांत पखवाज-तबल्याचा खर्ज पुरेसा आढळतो. श्रोत्याने आपल्या संग्रहाचे स्वरूप प्रथम पाहावे, त्यानंतर बाजारात जावे.

३. खोली हेच दुसरे वाद्य :

वारंवारिता जितकी कमी, तितकी तरंगलांबी अधिक. ८० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी ४.३ मीटर, तर ४० हर्ट्झची ८.६ मीटर असते. लहान खोलीपेक्षा हे तरंग मोठे असल्याने ते समोरासमोरच्या भिंतींवर आपटून परस्परांत मिसळतात व स्थिर तरंग निर्माण होतात. खोलीच्या एका मापाच्या दुपटीने ध्वनिवेगास भागले असता त्या दिशेची पहिली अनुनादी वारंवारिता मिळते. तीन परिचित मापांसाठी हे गणित पुढीलप्रमाणे येते :

१० फूट (३.०५ मीटर) : सुमारे ५६ हर्ट्झ
१२ फूट (३.६६ मीटर) : सुमारे ४७ हर्ट्झ
१५ फूट (४.५७ मीटर) : सुमारे ३८ हर्ट्झ

ग्रामीण व निमशहरी महाराष्ट्रात दहा बाय दहा आणि दहा बाय बारा ही खोल्यांची मापे इतकी रूढ आहेत की बोलीत ती जणू एकके बनली आहेत. छताची उंचीही बहुधा दहा फुटांच्या आसपास असते. दहा बाय दहा बाय दहा अशा खोलीत लांबी, रुंदी व उंची या तिन्ही दिशांचा अनुनाद एकाच ठिकाणी, म्हणजे ५६ हर्ट्झवर येतो. परिणामी ती एकच वारंवारिता कमालीची फुगते आणि कोणतेही गाणे लावले तरी एकच घुमारा ऐकू येतो. अशा खोलीत महागडा सबवूफर आणला तरी घुमारा जात नाही. उलट तो अधिक ठळक होतो. दहा बाय बारा बाय दहा या खोलीत रुंदी व उंची यांचा अनुनाद ५६ वर एकत्र येतो, मात्र लांबीचा अनुनाद ४७ वर स्वतंत्र राहतो. दहा बाय पंधराची खोली त्याहून बरी. घरात निवडीला वाव असल्यास तिन्ही मापे वेगवेगळी असलेली खोली श्रवणासाठी निवडावी. यासाठी एक रुपयाही खर्च होत नाही आणि लाभ मात्र मोठा होतो.

दोन दिशांच्या संयोगातूनही अनुनाद निर्माण होतात. दहा बाय बारा बाय दहाच्या खोलीत ते सुमारे ७३ व ८० हर्ट्झवर येतात, तर लांबीचा दुसरा अनुनाद ९४ हर्ट्झवर येतो. या आकड्यांना संगीताच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे. डग्ग्यावर तळहाताचा दाब वाढवीत वादक जी घसीट घेतो, तिचा नाद याच पट्ट्यातून सरकत वर चढतो. खोलीतील अनुनादांमुळे या प्रवासातील काही टप्पे ठळक होतात, काही क्षीण होतात. म्हणजे वादकाच्या हाताने अखंड रेखलेली रेषा श्रोत्याच्या कानापर्यंत तुटक होऊन पोहोचते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये व पुढे १९३४ मध्ये भारतीय चर्मवाद्यांचा अभ्यास करून असे दाखवून दिले की, शाईच्या लेपामुळे या वाद्यांचे अधिस्वर मूळ नादाशी संवादी होतात. सामान्य ढोलापेक्षा तबला-मृदंग सुरेल वाटतात ते यामुळेच. शतकानुशतकांच्या कारागिरीने साधलेली ही सुरेलता ऐकण्याच्या खोलीत बिघडू न देणे, हे सबवूफरच्या निवडीमागील खरे उद्दिष्ट असले पाहिजे.

४. बांधकामाचा परिणाम :

नेवासा परिसरात जुनी माळवदाची घरे, पत्र्याच्या छताची घरे व अलीकडची स्लॅबची घरे असे तिन्ही प्रकार दृष्टीस पडतात. पक्क्या विटांच्या भिंती व स्लॅब खर्जाचे तरंग जवळजवळ पूर्णपणे परावर्तित करतात. त्यामुळे तेथे अनुनाद तीव्र असतात. लाकडी तुळया व फळ्यांचे छत स्वतः किंचित कंप पावून काही ऊर्जा शोषून घेते. पत्र्याच्या छतातून खर्ज बाहेर निघून जातो, शिवाय पत्रा स्वतःच खडखडू लागतो.

गाद्या, गोधड्या, पडदे यांमुळे खोलीतील खर्जही आटोक्यात येतो, असा एक समज रूढ आहे. तो अर्धसत्य होय. शोषक पदार्थाची जाडी तरंगलांबीच्या चतुर्थांशाच्या जवळपास असेल तेव्हाच तो प्रभावी ठरतो. ५० हर्ट्झसाठी ही जाडी सुमारे १.७ मीटर येते. साहजिकच पडद्यांमुळे टाळांचा किणकिणाट मवाळ होतो, पखवाजाचा घुमारा मात्र तसाच राहतो. पडदे अति झाल्यास वरचे स्वर दबून खर्ज तुलनेने अधिकच जाड वाटू लागतो.

खोलीच्या सर्वांत खालच्या अनुनादाच्याही खाली गेल्यावर स्थिती पालटते. तेथे तरंग खोलीत मावत नाही. संपूर्ण खोलीतील हवेचा दाब एकाच वेळी कमीजास्त होतो आणि खर्जास खोलीकडूनच उठाव मिळतो. दहा बाय बाराच्या खोलीत हा लाभ सुमारे ४५ हर्ट्झच्या खाली मिळू लागतो. मात्र त्यासाठी खोली बंदिस्त हवी. नेवासा तालुक्यातील शनिशिंगणापूर हे गाव घरांच्या चौकटींना दारे न लावण्याच्या परंपरेसाठी प्रसिद्ध आहे. तशा उघड्या चौकटीच्या खोलीत हा दाब टिकत नाही व खोलीकडून मिळणारा उठाव बराच घटतो. दार बंद असताना केलेली जुळणी दार उघडताच बिघडल्यासारखी वाटते, त्याचे कारणही हेच होय.

५. लहान पेटीची किंमत :

सबवूफरची पेटी लहान असावी, तिने खूप खोल खर्ज द्यावा आणि थोड्या वीजशक्तीत मोठा आवाज करावा, या तिन्ही अपेक्षा एकाच वेळी पूर्ण होऊ शकत नाहीत. अमेरिकन अभियंते जोसेफ अँटन हॉफमन यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. एका मर्यादेत पेटीची कार्यक्षमता ही तिच्या घनफळाच्या सम प्रमाणात आणि खर्जाच्या खालच्या सीमेच्या घनाच्या सम प्रमाणात असते. याचा व्यावहारिक अर्थ असा की, खर्जाची सीमा तीच ठेवून पेटी निम्मी केली तर तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट वीजशक्ती लागते. पेटी तीच ठेवून सीमा ४० हर्ट्झवरून २० हर्ट्झवर आणायची झाल्यास आठपट शक्ती लागते. ज्याला ४० हर्ट्झ पुरेसे आहेत त्याने २० हर्ट्झचा हट्ट सोडला की लहान पेटी आपोआप शक्य होते.

दुसरे बंधन स्पीकरच्या पडद्याचे आहे. समान तीव्रतेचा ध्वनी निम्म्या वारंवारितेवर निर्माण करण्यासाठी पडद्याला चौपट पुढे-मागे हलावे लागते. ८० हर्ट्झवर एक मिलिमीटर हालचाल पुरत असेल, तर ४० हर्ट्झवर चार आणि २० हर्ट्झवर सोळा मिलिमीटर लागते. आठ इंची पडद्याच्या तुलनेत दहा इंचीचे क्षेत्रफळ सुमारे दीडपट, तर बारा इंचीचे सव्वादोनपट असते. त्यामुळे मोठ्या पडद्याला कमी हालचालीत काम भागवता येते. लहान खोलीत मध्यम आवाजात संगीत ऐकणाऱ्यास आठ ते दहा इंचांचा पडदा सामान्यतः पुरतो. सहा इंचांहून लहान पडद्याच्या उपकरणास सबवूफर म्हणणे हे बहुधा जाहिरातीपुरतेच खरे असते.

६. पेटीचे प्रकार :

एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये पूर्णतः बंद पेटीतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करणारा स्पीकर विकसित केला आणि लहान पेटीतून खोल खर्ज मिळवण्याचा मार्ग खुला झाला. पुढे नेव्हिल थिले यांनी १९६१ मध्ये व रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या गणिती मापदंडांमुळे पेटीची रचना अंदाजाऐवजी हिशोबाने करता येऊ लागली.

आज प्रामुख्याने तीन प्रकार आढळतात. बंद पेटीचा ध्वनी सीमेखाली दर सप्तकास १२ डेसिबल या सावकाश गतीने घटतो. पोर्टेड पेटीत नळीच्या अनुनादामुळे सीमेजवळ अधिक आवाज मिळतो, परंतु त्याखाली तो दर सप्तकास २४ डेसिबल इतका झपाट्याने कोसळतो. शिवाय नळी अरुंद असल्यास हवेचा फुसफुसाट ऐकू येतो. तिसऱ्या प्रकारात नळीऐवजी वीजजोडणी नसलेला दुसरा पडदा असतो. तो फुसफुसाट टाळतो, मात्र किंमत वाढवतो.

लहान, बंद दाराच्या खोलीचा विचार करता बंद पेटी विशेष अनुरूप ठरते. तिचा सावकाश उतार आणि खोलीकडून मिळणारा उठाव हे परस्परांना बऱ्याच अंशी पूरक असतात. त्यामुळे कागदावर ४५ हर्ट्झपर्यंतच पोहोचणारी बंद पेटी लहान खोलीत त्याहून खाली ऐकू येते. याउलट मोठ्या दिवाणखान्यासाठी रचलेली पोर्टेड पेटी दहा बाय बाराच्या खोलीत आणल्यास उठावावर उठाव होऊन घुमारा वाढण्याची शक्यता असते. अर्थात चित्रपटांसाठी प्रामुख्याने वापर होणार असेल, तर पोर्टेड पेटीचा विचार अवश्य करावा.

७. जाहिरातीतील आकडे :

बाजारात काही उपकरणांवर हजारो वॉट पी.एम.पी.ओ. असा आकडा छापलेला असतो. या आकड्यास कोणताही सर्वमान्य तांत्रिक आधार नाही. ग्राहकाने आर.एम.एस. वॉट हाच आकडा विचारावा. तोही सरळ प्रमाणात वाचू नये. शक्ती दुप्पट केल्यास केवळ ३ डेसिबलची वाढ होते आणि आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. म्हणून १०० व १२० वॉटच्या उपकरणांतील फरक श्रवणाच्या दृष्टीने नगण्य होय. त्याचप्रमाणे ‘३० हर्ट्झपर्यंत’ एवढेच लिहिलेले असल्यास त्यास अर्थ नाही; किती डेसिबलच्या घटीसह, हे नमूद असले पाहिजे. उणे ३ डेसिबलवर ४० हर्ट्झ हे विधान उणे १० डेसिबलवर ३० हर्ट्झ या विधानापेक्षा अधिक प्रामाणिक असू शकते.

८. मांडणी व जुळणी :

सबवूफर कोपऱ्यात ठेवल्यास आवाज सर्वाधिक मिळतो, पण खोलीतील सर्वच अनुनादही सर्वाधिक चेतवले जातात. बसण्याची जागा खोलीच्या अगदी मध्यभागी असल्यास पहिला अनुनाद तेथे जवळजवळ शून्य होतो. भिंतीला टेकून बसल्यास तो कमाल असतो. बारा फूट लांबीच्या खोलीत एका भिंतीपासून साधारण साडेचार फुटांवर बसणे हा रूढ व उपयुक्त मध्यममार्ग आहे. योग्य जागा शोधण्याची एक सोपी पद्धत अशी : सबवूफर तात्पुरता बसण्याच्या जागी ठेवावा, डग्ग्याचे किंवा पखवाजाचे परिचित मुद्रण लावावे आणि भिंतींलगत जमिनीजवळ कान नेत फिरावे. जेथे प्रत्येक आघात सुटा व समतोल ऐकू येईल, ती जागा सबवूफरसाठी निवडावी. ध्वनीचा मार्ग उलट केला तरी परिणाम तोच राहतो, या तत्त्वावर ही पद्धत आधारलेली आहे. एका मोठ्याऐवजी दोन लहान सबवूफर समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवल्यास खर्ज अधिक समान पसरतो, असे टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये मांडलेल्या अभ्यासातून पुढे आले. एक ध्यानात ठेवावे की, फुगलेली वारंवारिता इलेक्ट्रॉनिक जुळणीने उतरवता येते. मात्र लोप पावलेली वारंवारिता शक्ती वाढवून परत आणता येत नाही. तेथे जागा बदलणे हाच उपाय असतो.

मुख्य स्पीकर व सबवूफर यांच्या कार्यक्षेत्रांची सीमा क्रॉसओव्हरने ठरते. प्रचलित शिफारस ८० हर्ट्झची आहे, कारण त्याखालील ध्वनीची दिशा कानास सहसा ओळखता येत नाही. तथापि डग्ग्याची घसीट नेमकी ही सीमा ओलांडत असल्याने, मुख्य स्पीकर समर्थ असल्यास, सीमा ६० ते ७० हर्ट्झवर ठेवून पाहावी. त्यामुळे घसिटीचा बराचसा भाग एकाच स्पीकरमधून येतो व सांधा जाणवत नाही. कलेची जुळणीही तितकीच महत्त्वाची. ७० हर्ट्झवर एक मीटर अंतराचा फरक सुमारे ७३ अंशांचा कलाफरक निर्माण करतो. कला बदलण्याची कळ फिरवून ज्या स्थितीत ठेका सर्वांत भरीव वाटेल, तेथे ती ठेवावी. ज्यांच्या अ‍ॅम्प्लिफायरला सबवूफरसाठी स्वतंत्र जोडणी नाही, त्यांनी स्पीकरच्या तारांवरूनच जोडता येणारा सबवूफर घ्यावा.

आवाजाची पातळी ठरवताना कानाच्या स्वभावाचा विचार करावा लागतो. हार्वे फ्लेचर व विल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे कान खर्जास कमी संवेदनशील असतो. आज मान्य असलेल्या प्रमाणकांनुसार ५० हर्ट्झचा ध्वनी ऐकू येण्यासाठी सुमारे ४४ डेसिबल, तर २० हर्ट्झचा ऐकू येण्यासाठी सुमारे ७८ डेसिबल तीव्रता लागते. एकूण आवाज कमी केला की खर्ज आधी नाहीसा होतो तो यामुळेच. म्हणून नेहमी ज्या पातळीवर ऐकायचे, त्याच पातळीवर जुळणी करावी. सबवूफर बंद केल्यावरच त्याची उणीव जाणवावी आणि चालू असताना त्याचे अस्तित्व वेगळे जाणवू नये, ही उत्तम जुळणीची खूण होय.

९. शेजारधर्म :

भिंतीची ध्वनिरोधक क्षमता वारंवारिता निम्मी झाली की सुमारे ६ डेसिबलने घटते. त्यामुळे शेजारच्या घरात गायकाचा आवाज पोहोचत नाही, पण ठेक्याचा धप्प आवाज पोहोचतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ या काळात ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मात्र हे मोजमाप ज्या ‘ए’ भारांकनाने होते, त्यात ५० हर्ट्झचा ध्वनी सुमारे ३० डेसिबलने कमी धरला जातो. अर्थात ७५ डेसिबलचा खर्ज मापकावर केवळ ४५ दाखवू शकतो. नियमाच्या चौकटीत असूनही शेजारच्या आजारी वा वृद्ध व्यक्तीची झोप मोडू शकते, हे यावरून स्पष्ट होते. मिरवणुकांतील भिंतीएवढ्या ध्वनिक्षेपकांविषयी सुशिक्षित वर्गाकडून तक्रार केली जाते. तेव्हा स्वतःच्या घरातील खर्जाबाबत त्याच वर्गाने मापकापेक्षा विवेकाचा आधार घेणे अगत्याचे आहे. पेटीखाली जाड रबरी पट्ट्या ठेवल्यास स्लॅबमधून जाणारी कंपने काही प्रमाणात घटतात. रात्री सबवूफर बंद ठेवणे हा मात्र सर्वांत खात्रीचा उपाय होय.

निष्कर्ष :

१. सबवूफर निवडण्यापूर्वी खोलीची तिन्ही मापे घेऊन अनुनादी वारंवारिता काढणे आवश्यक आहे.
२. भारतीय संगीताच्या श्रवणासाठी ४० हर्ट्झपर्यंतचा स्वच्छ खर्ज सामान्यतः पुरेसा ठरतो.
३. दहा बाय बाराच्या बंदिस्त खोलीसाठी आठ ते दहा इंची पडद्याची बंद पेटी ही अनुरूप निवड होय.
४. उघड्या चौकटीच्या वा पत्र्याच्या छताच्या खोलीत खोलीकडून मिळणारा उठाव कमी असल्याने मोठ्या पडद्याचा विचार करावा लागतो.
५. उपकरणावरील खर्चाइतकेच महत्त्व मांडणी, क्रॉसओव्हर व कला यांच्या जुळणीस द्यावे.
६. पी.एम.पी.ओ. व घटीचा उल्लेख नसलेले वारंवारितेचे आकडे निवडीसाठी ग्राह्य धरू नयेत.
७. खर्जाबाबत केवळ नियमांतील डेसिबल मर्यादा पाळणे शेजाऱ्यांच्या शांततेसाठी पुरेसे नाही.

समारोप :

ध्वनिशास्त्रातील स्थिर तरंगांचे सूत्र महाविद्यालयीन अभ्यासक्रमात शिकवले जाते, परंतु ते बहुधा अनुनाद नळीपुरतेच मर्यादित राहते. हेच सूत्र विद्यार्थ्याने आपल्या घरातील खोलीस लावल्यास, मोबाइलवरून विविध वारंवारितांचे स्वर वाजवून खोलीतील फुगवटे व पोकळ्या शोधल्यास, भौतिकशास्त्र व संगीत हे दोन्ही विभाग एकत्र येऊन एक सुलभ प्रात्यक्षिक सिद्ध करू शकतील. ग्राहक म्हणून फसवणूक टळेल, हा त्याचा एक लाभ. पखवाजावरील थाप आणि खोलीचा घुमारा यांतील भेद ओळखू शकणारा श्रोता घडेल, हा त्याहून मोठा लाभ होय. श्रवणाची थोर परंपरा लाभलेल्या भूमीत शास्त्रशुद्ध श्रवणाचा हा संस्कार रुजणे औचित्यपूर्ण ठरेल.